दाराआडची कॉमेंट्री

दिग्रसला आमच्या सासरी रेडिओ आला तो माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मामंजी कापसाच्या एका जिनात मॅनेजर होते आणि आम्ही जिनाच्याच आवारात, फाटकाला लागून असलेल्या घरात राहायचो. रेडिओ बॅटरीवर चालणारा होता. माजघरात फळी ठोकून त्यावर तो ठेवला, वर भरतकामाचा रुमाल घातला, आणि एरिअलची तार दोन बांबूंवरून थेट कापसाच्या गोदामापर्यंत नेली. बातम्या मामंजी लावायचे. बाकीचा वेळ तो रुमालाखाली असायचा.

माझं माहेर कामठीचं. वडील पोस्टात होते, पण त्यांचा जीव हॉकीत. छावणीच्या मैदानावर सामने असले की ते जाऊन बसायचे आणि आम्हा बहिणींत मी थोरली, म्हणून मला घेऊन जायचे. दहाव्या वर्षी मला फाउल आणि शॉर्ट कॉर्नर यांतला फरक कळत होता. इंग्रजी चांगलं होतं, मॅट्रिकला वर्गात पहिली आले होते. लग्न ठरताना या दोन गोष्टींपैकी इंग्रजीचा उल्लेख झाला, हॉकीचा झाला नाही.

ऑलिम्पिक सुरू झालं त्या भाद्रपदात जीन बंद होतं. कापूस यायला अवकाश होता, आवार रिकामं पडलं होतं. आमचे हे दारव्ह्याला तहसिलीत होते, शनिवारी घरी यायचे. घरात मामंजी, सासूबाई, मी आणि धाकटे दीर. भाऊजी अमरावतीचं कॉलेज अर्धवट सोडून आले होते. माणूस वाईट नव्हता. गणपतीचं मंडळ त्यांच्यावाचून चालत नसे, लग्नात वरातीपुढे तेच असायचे, गावातला कोणीही त्यांना हाक मारायचा. काम मात्र कुठलं टिकत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी रेडिओ लावला आणि खुंटी फिरवता फिरवता इंग्रजी कॉमेंट्री लागली. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, तरी कान देऊन बसले होते. मी आत भाजी निवडत होते. आपला हॉकीचा सामना चालू होता. बोलणारा भराभर बोलत होता, आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि लांब जायचा. आपल्या फॉरवर्डने अगदी गोलपाशी जाऊन चेंडू बाहेर मारला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "घालवला."

भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "वयनी, तुमाले समजते हे?"

"समजतं."

"सारं?"

"आवाज नीट आला तर सारं."

त्या दिवशी मी आत बसून सांगत गेले आणि ते ओसरीवर बसलेल्या चार मित्रांना सांगत गेले. पुढच्या सामन्याला चाराचे वीस झाले. त्यापुढच्याला फाटकाबाहेर माणसं उभी राहिली. तेव्हा भाऊजींच्या डोक्यात भोंगा आला.

भोंगा गावातल्या चाचांचा. बाजारात त्यांचं सायकल आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाला, गणपतीला, सर्कशीच्या जाहिरातीला त्यांचाच लाउडस्पीकर. गणपती नुकतेच उठले होते, त्यामुळे सामान रिकामं होतं. ते आले, घराच्या कौलावर भोंगा बांधला, खिडकीतून वायर आत घेतली आणि म्हणाले, "रेडिओच माइकपुढं ठिवा ना. सीधं काम."

"इंग्रजी आहे ते, चाचा," भाऊजी म्हणाले. "कोनाले समजते?"

"मंग समजनाऱ्याले बोलू द्या."

तेव्हा सासूबाई पहिल्यांदा मध्ये पडल्या. "घरच्या सुनेचा आवाज बजारात ऐकू जाईन? काही गरज नाही."

मग असं ठरलं. मी माजघरात, दाराच्या आड, रेडिओच्या जाळीला कान लावून बसायचं. भाऊजींनी उंबऱ्यावर माइक घेऊन बसायचं. मी हळू आवाजात सांगायचं, त्यांनी मोठ्याने बोलायचं. चाचा ओसरीच्या कोपऱ्यात, खिडकीला पाठ लावून, मशीनची बटणं सांभाळत बसायचे.

पहिल्या दिवशीच माझी चिडचिड सुरू झाली. मी सांगायची, "लेफ्ट आउटने चेंडू सेंटरला दिला, तो पुढे घेऊन चाललाय." बाहेर जायचं, "अन् आपल्या गड्यानं अस्सा फटका हाणला का समोरचा पाहतच राह्यला." फटका कोणी मारलेलाच नसायचा. मी सांगायची, "शॉर्ट कॉर्नर मिळाला." भाऊजी ओरडायचे, गोलच झाल्यासारखे, आणि लोक टाळ्या पिटून घ्यायचे. मग कॉर्नर फुकट गेला हे सांगायची पंचाईत. ते सांगतच नसत. मधेच तिथलं ऊन कसं आहे, खेळाडूच्या बुटाची नाडी कशी सुटली, तिकडच्या बाया टोप्या घालून कशा बसल्या आहेत, हे सगळं मनाचं. लोक हसायचे. मला कबूल करायला हवं, त्यांना बोलणं येत होतं. मी जसंच्या तसं बोलले असते तर निम्मी माणसं उठून गेली असती.

पण ते खरं नव्हतं. आणि दोन बोलण्यांमध्ये मी सांगितलेलं हरवून जायचं. ते रंगवत बसायचे तोवर चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा, मी चार वाक्यं पुढे असायची, आणि ती चार वाक्यं तशीच माझ्याजवळ राहायची.

"भाऊजी, तो सुटला, आता आपल्या गोलवर आलेत ते," मी सांगायची.

"थांबा ना वयनी. इथलं होऊ द्या."

"खेळ थांबत नाही तुमच्यासाठी."

"तुमी फक्त मले सांगत जा. पब्लिक मी पाहतो."

बाजारात मग त्यांचं नाव झालं. आर्णीहून कापडाचा एक व्यापारी मुद्दाम थांबून सामना ऐकून गेला. जिनामागच्या तांड्यावरची माणसं बैलगाडी उभी करून ऐकायची. कोणी भाऊजींना विचारलं की इंग्रजी इतकं कुठं शिकलात, तर ते म्हणायचे, "अमरावतीले." मी माजघरातून ऐकायची. रागाने काय करणार, रुमालाची घडी घालायची, मोडायची.

फायनलच्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर पाकिस्तान. त्या देशाचं नाव आलं की माणसांचे आवाज जरा चढायचे, तसे ते चढलेले होते. दुपारची वेळ, ढग आलेले, आणि ढग आले की रेडिओत खरखर हे आमच्याकडचं ठरलेलं. मी जाळीला कान असा लावला होता की संध्याकाळी कानावर तिची नक्षी उमटलेली होती.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि आपल्यावर गोल झाला. मी सांगितलं. भाऊजींनी माइक तोंडापासून लांब धरला.

"सांगा ना. गोल झाला आपल्यावर."

"सांगतो. थांबा जरा."

ते बराच वेळ मधल्या मैदानातला खेळ रंगवत राहिले. आपला सेंटर हाफ, आपले फटके. मग कधीतरी, खोकल्यासारखं करून, एक गोल झाला म्हणून सांगितलं. काही माणसं उठायला लागली. भाऊजी वळून माझ्याकडे बघायचे, जणू मी काहीतरी लपवून ठेवलं आहे आणि ते आता द्यावं. मी काय देणार होते? रेडिओ जे देत होता तेच माझ्याजवळ होतं.

उत्तरार्धात आपण जोर केला. एकामागून एक चढाया. शॉर्ट कॉर्नर, परत शॉर्ट कॉर्नर. बोलणाऱ्याचा आवाज चढला होता आणि नेमका त्याच वेळी तो लांब जायला लागला. मी खुंटी केसभर फिरवली. आवाज आला, गेला, आला. चेंडू आत घुसला, फटका, आणि जाळी हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

मी म्हणाले, "चेंडू जाळीला..." आणि थांबले, कारण पुढचं ऐकायचं होतं.

भाऊजी थांबले नाहीत. "गोल," ते माइकमध्ये ओरडले.

"बाहेरून," मी म्हणाले. "भाऊजी, बाहेरून लागला. बाजूच्या जाळीला. गोल नाही."

बाहेर इतका गलका झाला होता की मला रेडिओही ऐकू येईना. मी आडोसा सोडून त्यांचा सदरा धरला आणि ओढला. "गोल नाही झाला. सांगा त्यांना."

त्यांनी माइकवर हात ठेवला. चेहरा घामाने भरला होता. "आता मांगं नाही घेता येत, वयनी."

"का नाही येत? चुकलं म्हणून सांगा."

"नाच सुरू झाला तिकडं. पाहा तुमी. आपन आत्ता एक टाकतेच ना, मंग बराबर होते."

आता टीव्हीवर सामने बघते तेव्हा हे आठवून अजून जीव चडफडतो. एकच गोल पाच बाजूंनी दाखवतात, हळू करून, थांबवून. चेंडू रेषेच्या आत होता का बाहेर ते घरबसल्या मला दिसतं. बोलणारा चुकला तर चित्र त्याला खोटं पाडतं. आमच्याकडे चित्र नव्हतं. गावभर माणसं एका आवाजावर विश्वास ठेवून नाचत होती आणि तो आवाज कुठून येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आपण एक टाकलाच नाही. सामना संपला, आपण हरलो. मी ते सांगितलं. भाऊजी माइकमध्ये म्हणाले, "रेडिओची लाइन गेली. निकाल उद्या पेपरात पाहा." आणि त्यांनी चाचांना बटण बंद करायला सांगितलं. चाचांनी एकदा खिडकीतून आत, माझ्याकडे पाहिलं आणि बटण बंद केलं.

ऐकणारी आता थोडीच माणसं उरली होती. कोणीतरी गणपतीचा उरलेला गुलाल आणला होता. मिरवणूक बाजाराकडे गेली. बाजारात पोचेपर्यंत एक-एकचं दोन-एक झालं आणि आपण जिंकलो. हलवायाने पेढे वाटले. फटाके वाजलेले मी चुलीपुढे बसून ऐकले.

मामंजींनी संध्याकाळी बातम्या लावल्या. ऐकून त्यांनी रेडिओ बंद केला, रुमाल नीट घातला आणि भाऊजींना विचारलं, "काय सांगितलं तू लोकायले?"

"आवाज बराबर नव्हता, बाबा."

मी तिथेच ताटं मांडत होते. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बोलू शकले असते. बोलले नाही, कारण मला वाटलं, भाऊजी स्वतःच सांगतील. त्यांना एक रात्र द्यावी.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या बसने नागपूरचे पेपर आले आणि तासाभरात माणसं आमच्या फाटकाशी जमली. कालच्या इतकी नाही, वीस-पंचवीस. चाचा त्याच वेळी भोंगा उतरवायला आले होते. कौलावरून भोंगा काढून त्यांनी खाली ठेवला होता आणि वायर गुंडाळत होते.

"काल शेवटी लाइन काहून गेली?" एकाने विचारलं.

भाऊजी ओसरीवर उभे होते. म्हणाले, "मशीन त्यायची होती. मले काय मालूम."

हे मी दाराआडून ऐकलं. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं असेल असं मला आजही वाटत नाही. स्वतःवरचं टाळायला जे तोंडात आलं ते बोलले. पण ते शब्द फाटकापाशी पोचले आणि त्यांचा अर्थ बदलला.

"यानंच वायर काढली असन," कोणीतरी म्हणालं.

"काहून काढली ते समजून राह्यलं ना."

चाचा उठून उभे राहिले. "मी कायले काढू? बॅटरी माही, भोंगा माहा. मले काय भेटते त्यात?"

"तुमचे जिंकले ना."

"माहे कोन?" चाचांनी विचारलं. "माहा बाप इथं मेला, मी इथं मरीन. माहे कोन तिकडं?"

एकाने पायाने भोंगा ढकलला. तो घरंगळत ओट्याच्या दगडावर आपटला आणि त्याच्या तोंडाला पोचा पडला. चाचा तो उचलायला वाकले तर दुसऱ्याने त्यांची सायकल आडवी केली. मी भाऊजींकडे बघत होते. ते ओसरीच्या खांबाला धरून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

मी पदर नीट घेतला आणि बाहेर आले. लग्न होऊन आल्यापासून त्या ओसरीवर परक्या पुरुषांसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. खरं ते सांगायला दिराला वीस माणसांपुढे खोटं पाडावं लागलं असतं, आणि ते त्या वेळी माझ्याच्याने होईना. पण चाचांवरचं काढायचंच होतं.

"मशीनला काही झालं नव्हतं," मी म्हणाले. "रेडिओवरचं इंग्रजी मी ऐकून सांगत होते. चेंडू बाहेरून जाळीला लागला होता. मला तो गोल वाटला. चूक माझी आहे. त्यांची सायकल सोडा."

माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि कालपर्यंतची सगळी कॉमेंट्री माझी होती हे त्यांना आत्ता कळत होतं. आणि ते कळलं ते 'चूक माझी आहे' या वाक्यातून.

एक म्हातारा हसला. "बायायले कायले बसवता मंग रेडिओजवळ?"

मग बाकीचेही हसले. हसत हसत पांगले. राग गेला, गंमत राहिली. चाचांनी सायकल उभी केली, भोंगा पाठीमागे बांधला आणि गेले. भाऊजी आत येऊन म्हणाले, "कायले आल्या तुमी बाहेर?" एवढंच.

त्याच शनिवारी हे दारव्ह्याहून आले. बसस्टँडवरच त्यांच्या कानावर गेलं होतं. "तुला काय गरज होती?" त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "तो लहान आहे अजून." भाऊजी बावीस वर्षांचे होते. मी वीस.

गोष्ट तिथे संपली असती तर मी विसरले असते. पण हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी म्हणायचं, "ह्याच त्या, गोल टाकनाऱ्या." बांगड्या भरायला गेले तर बांगडीवाली विचारायची, "बाई, माप बराबर ऐकलं ना?" पहिली दोन-चार वेळा मीही हसले. नंतर हसू येईना.

पुढच्या जूनमध्ये गावात मुलींची शाळा निघाली. इंग्रजी शिकवायला शक्यतो बाई हव्या होत्या. मामंजींनी परवानगी दिली, सासूबाईंनी नाही म्हटलं नाही, ह्यांनी अर्ज स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून दिला. मुलाखतीला कमिटीचे तिघे बसले होते. मी उतारा वाचला, भाषांतर केलं, व्याकरण सांगितलं. त्यातला एक जण कागदावरून डोळे वर करून म्हणाला, "लिहिन्यावाचन्यात काही प्रश्न नाही. ऐकन्यात गल्लत होते म्हनतात." तिघेही हसले. मी तिथे काय सांगणार होते? चूक माझी आहे, हे मी स्वतःच्या तोंडाने गावासमोर सांगितलेलं होतं. जागा एका मास्तरला गेली. त्याला इंग्रजी वाचताना बोट ठेवावं लागायचं, हे मला पुढे त्या शाळेतल्या मुलींनीच सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी स्टोव्ह दुरुस्तीला घेऊन चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी स्टोव्ह उलटा करून पिन घातली, पंप तपासला. मग मान वर न करता म्हणाले, "बाई, मी खिडकीपाशी होतो त्या दिवशी. तुम्ही बाहेरून म्हनल्या ते मी ऐकलं."

"मग त्या वेळी बोलला का नाहीत?"

"माहं कोन ऐकलं असतं तवा?" त्यांनी स्टोव्ह पेटवून दाखवला. "नंतर सांगतलं मी. ज्यानं इचारलं त्याले सांगतलं. लोक म्हनते, चाचा, जाऊ द्या आता."

दुरुस्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी ठेवून आले तर दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी परत पाठवले. मला त्याचाही राग आला. मला पैसे नको होते, जे झालं ते कोणीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं. ते बोलण्याची जागा एकाच माणसाची होती आणि तो रोज माझ्या हातचं जेवत होता.

चार वर्षांनी परत ऑलिम्पिक आलं. तोवर मला दोन मुली झाल्या होत्या आणि भाऊजींकडे ट्रान्झिस्टर आला होता. त्यांना जिनातच वजनकाट्यावर नोकरी लागली होती, लग्न ठरलं होतं. आणि कॉमेंट्री आता हिंदीतही येत होती. दिग्रसमध्ये हिंदी कोणाला समजत नाही? ओसरीवर माणसं बसली, मधोमध ट्रान्झिस्टर, कोणाला काही विचारायची गरज नाही. फायनलला समोर परत पाकिस्तानच होतं.

मी चुलीवर भाकरी टाकत होते. बोलणारा फार छान बोलत होता. चेंडू कुठे आहे, कोणाकडे आहे, कोण धावतोय, सगळं डोळ्यांपुढे उभं राहत होतं. मी जसं सांगायची तसं, फक्त त्याचं ऐकलं जात होतं. सासूबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांना ते भराभर हिंदी झेपत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काय म्हनून राह्यला तो?"

"आपण एक गोल केला," मी म्हणाले.

"मंग आता?"

"आता टिकवायचंय."

त्या परत परत विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिले. मला सांगायचं नव्हतं. एकेका शब्दात उत्तर देत होते. पण शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा माझ्याही नकळत मी नीट सांगायला लागले, कोण कुठे आहे, कोणाचा फटका कोणी अडवला. तव्यावरची भाकरी करपली. सासूबाईंनी ती काढून बाजूला ठेवली.

आपण जिंकलो. ओसरीवर आरडाओरडा झाला. भाऊजी धावत आत आले. "वयनी, साखर द्या. वाटतो."

"जिंकलो ते ऐकलं मी."

मी डबा काढून दिला. ते डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. चार वर्षांत त्यांचा चेहरा भरला होता, मिशी आली होती. "वयनी, त्या टायमाले मी..." ते म्हणाले.

मी भाकरी फिरवायची थांबले. सासूबाईंनीही लसूण खाली ठेवला. बाहेरून कोणीतरी त्यांना हाक मारली, एकदा, दोनदा.

"आलो," ते म्हणाले आणि गेले.

तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. डबा दुपारी परत आला तो रिकामा, आणि संध्याकाळी सगळ्यांना गुळाचा चहा प्यावा लागला.